सुपरटीम कशी जमते? संघातला स्वस्त माणूस शोधा

30 एप्रिल 2023. कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो. तिथल्या किंग्ज या बास्केटबॉल संघाचं स्टेडियम गच्च भरलं होतं. सलग 16 हंगाम या संघाला बादफेरी गाठता आली नव्हती. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या इतिहासात इतका लांब दुष्काळ दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेला नाही. त्या वर्षी मात्र 48 सामने जिंकून किंग्ज आपल्या विभागात तिसरे आले. संघ जिंकला की स्टेडियमच्या माथ्यावरून जांभळ्या प्रकाशाचा झोत आभाळात सोडायचा, ही प्रथाही त्याच हंगामातली. बादफेरीतली सात सामन्यांची पहिलीच मालिका 3-3 अशी बरोबरीत आलेली आणि सातवा सामना घरी. समोर गोल्डन स्टेट वॉरियर्स. त्यांच्या स्टेफ करीने एकट्याने 50 गुण केले. किंग्ज 120-100 असे हरले आणि त्या रात्री आभाळ काळंच राहिलं.

किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे यांचा जन्म मुंबईतला. 2019च्या ऑक्टोबरात वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले दोन सामने झाले, त्यातला एक संघ हाच. पण गंमत पुढे आहे. रणदिवे 2010 पासून वॉरियर्सचे सहमालक होते. 2013मध्ये तिथला वाटा सोडून त्यांनी सॅक्रामेंटोचा संघ घेतला. दोनच वर्षांनी वॉरियर्स विजेते झाले आणि पुढे 2015 ते 2019 अशी सलग पाच वर्षं अंतिम फेरीत खेळले.

वॉरियर्सचं तेव्हाचं गाव ओकलंड. सॅक्रामेंटोपासून ते मुंबई-पुण्याहूनही जवळ. राज्य तेच. आणि ज्यांच्यावर वॉरियर्सचं साम्राज्य उभं राहिलं ते खेळाडू आधी सॅक्रामेंटोच्याच दारावरून गेले होते. एनबीएत नवे खेळाडू ‘ड्राफ्ट’मधून येतात. साधारणपणे ज्याची कामगिरी वाईट, त्याला निवडीचा मान आधी. 2009च्या ड्राफ्टमध्ये सॅक्रामेंटोने चौथ्या क्रमांकावर टायरीक इव्हान्सला उचललं, करी सातव्या क्रमांकावर वॉरियर्सला मिळाला. 2011मध्ये दहाव्या क्रमांकाच्या निवडीतून सॅक्रामेंटोकडे जिमर फ्रेडेट आला, पुढच्याच क्रमांकावर वॉरियर्सने क्ले थॉम्पसन घेतला. 2012मध्ये सॅक्रामेंटोने पाचव्या क्रमांकावर थॉमस रॉबिन्सनची निवड केली. ड्रेमंड ग्रीन तर पार 35व्या क्रमांकापर्यंत तसाच बसून होता, तोही वॉरियर्सनेच नेला. (हे तिन्ही ड्राफ्ट रणदिवे येण्याआधीचे. त्यांच्या काळात 2018 साली दुसऱ्या क्रमांकावर असूनही संघाने लुका डॉन्चिचला सोडलं, ते वेगळं.)

एखाद्या संघाकडे एकाच वेळी तीन-चार अव्वल खेळाडू जमले की त्याला ‘सुपरटीम’ म्हणतात. असा संघ जमला की पहिली तक्रार ठरलेली असते: पैसेवाल्यांनी खेळ विकत घेतला. युरोपातल्या फुटबॉलबद्दल हे बोललं तर चालून जाईल. एनबीएत मात्र पैशावर इतके लगाम आहेत की नुसत्या पैशाने सुपरटीम उभी करता येत नाही. या लीगचा इतिहास वाचताना मला एक युक्ती उपयोगी पडत आली आहे. सुपरटीम दिसली की तिच्यात कमी पगारावर खेळणारा मोठा माणूस कोण, तो शोधायचा. तो सापडला की बाकीचं गणित आपोआप सुटतं.

पाचच जण, आणि भरपूर संधी

त्याआधी एक प्रश्न. दोन मोठे खेळाडू एकत्र आल्याने बास्केटबॉलमध्येच एवढा फरक का पडतो?

आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. 2024च्या आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सकडे रोहित शर्मा, जसप्रीत बुमरा, सूर्यकुमार यादव आणि हार्दिक पंड्या होते. भारताच्या संघाचा कणाच म्हणा. हा संघ 14पैकी 4 सामने जिंकून दहा संघांत दहावा आला. क्रिकेटमध्ये हे होऊ शकतं, कारण जगातला सर्वोत्तम फलंदाजही पहिल्या चेंडूवर बाद होतो आणि मग उरलेला डाव डगआउटमध्ये बसून बघतो. सर्वोत्तम गोलंदाजाच्या वाट्याला टी-20मध्ये 120पैकी 24 चेंडू येतात. राहिलेले 96 दुसऱ्यांनी टाकायचे असतात.

बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाचच जण. एनबीएचा सामना 48 मिनिटांचा, त्यात अव्वल खेळाडू 35 ते 40 मिनिटं खेळतो. त्याचा नेम चुकला तर कुणी त्याला बाहेर काढत नाही, दुसरी संधी मिनिटाभरात येते. चेंडू हातात आल्यापासून 24 सेकंदांत बास्केटकडे फेकायचाच, असा नियम 1954 पासून आहे. त्यामुळे एका सामन्यात प्रत्येक संघाला साधारण शंभर वेळा चढाईची संधी मिळते. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांत दोन-तीन गोल होतात, एखादा नशिबाने जातो आणि निकाल फिरतो. इथे शंभर चढायांमध्ये नशीब एकमेकांना खाऊन टाकतं आणि शेवटी उरतं ते कौशल्य. कसोटी सामन्यात दुबळा संघ जिंकणं टी-20पेक्षा अवघड असतं, त्यामागचं कारण हेच.

त्यावर कळस म्हणजे बादफेरी एका सामन्याची नसते. सातपैकी चार जिंकणारा पुढे जातो. गणित करून बघा. एका सामन्यात जिंकण्याची शक्यता 60 टक्के असेल, तर सात सामन्यांच्या मालिकेत ती 71 टक्के होते. 70 टक्के असेल तर 87. असल्या चार मालिका जिंकल्या की विजेतेपद. थोडा वरचढ असलेला संघ या चाळणीतून बाहेर येईतो बराच वरचढ दिसतो.

आणि या खेळाला लागणारी माणसंही मुळात कमी. दोन मीटरच्या आसपास उंची, वर चपळाई, वर हाताला नेम, असं सगळं एकाच देहात जगभर शोधलं तरी मोजकंच सापडतं. संघ 30 आहेत, पण ज्यांच्या असण्याने संघ विजेतेपदाच्या दावेदारांत जाऊन बसतो असे खेळाडू कुठल्याही वर्षी दहा-पंधराच्या वर नसतात. म्हणजे निम्म्याहून अधिक संघ हंगाम सुरू होण्याआधीच शर्यतीबाहेर.

म्हणून एनबीएत घराणेशाही पूर्वीपासूनची आहे. बॉस्टन सेल्टिक्सने 1957 ते 1969 या 13 हंगामांत 11 विजेतेपदं घेतली, त्यातली आठ ओळीने. 2025पर्यंत झालेल्या 79 विजेतेपदांपैकी बॉस्टनची 18 आणि लेकर्सची 17. दोन संघांतच 35 गेली. 1980 ते 1989 या दहा वर्षांत चारच संघ जिंकले, आणि त्या दशकाला लोक लीगचा सुवर्णकाळ म्हणतात.

जोड लावणारा पंच

मग समतोल हवाच कशाला? गावच्या जत्रेतला कुस्तीचा फड आठवा. हलगी वाजते आहे, पंच दोन पैलवानांचे हात धरून त्यांना खांद्याला खांदा लावून उभं करतो, वजन-वय-ताकद नजरेने जोखतो, गर्दीकडे बघतो आणि मगच जोड लावतो. तगड्यासमोर पोरसवदा गडी उभा केला तर लोक ओरडतात. कारण तगडा कितीही नावाजलेला असला तरी त्याची कुस्ती बघण्यासारखी होते ती समोरच्यामुळे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ वॉल्टर नील यांनी 1964मध्ये हीच गोष्ट मुष्टियुद्धातल्या जो लुईस आणि मॅक्स श्मेलिंग यांच्या जोडीवरून मांडली. बाजारात प्रत्येक दुकानदाराला वाटतं, समोरचं दुकान बंद पडावं. खेळात समोरचं दुकान बंद पडलं तर आपल्यालाही गिऱ्हाईक उरत नाही.

म्हणून लीग पंचाचं काम करते. तिच्या हातात दोन मुख्य साधनं आहेत: नवे खेळाडू उलट्या क्रमाने वाटणारा ड्राफ्ट आणि संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप. ड्राफ्टबद्दल थोडक्यात सांगून सोडतो. हरणाऱ्याला बक्षीस मिळतं म्हटल्यावर काही संघ मुद्दाम हरू लागतात. फिलाडेल्फियाचा संघ 2015-16मध्ये 10 सामने जिंकला आणि 72 हरला. व्यवस्थापनाची योजनाच तशी होती. त्यामुळे पहिला क्रमांक सोडतीने ठरतो आणि 2019 पासून तळाच्या तिन्ही संघांना सारखीच, 14 टक्के, संधी असते.

सॅलरी कॅपमध्ये मात्र खरी मेख आहे, तिथे जरा थांबू.

कॅप, आणि तिला पडलेली भोकं

आजच्या रूपातली कॅप 1984-85च्या हंगामात आली. एका संघाला वर्षाला 36 लाख डॉलर. पण आयपीएलच्या लिलावातल्या थैलीसारखी ती कडक नव्हती. आयपीएलमध्ये 2025च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला 120 कोटी रुपये होते. लखनौने ऋषभ पंतला 27 कोटींना घेतलं, तर उरलेल्या 93 कोटींत बाकीचा संघ बसवायचा, विषय संपला. एनबीएने मात्र कॅप आणताना एक खिडकी ठेवली. आपल्याच संघात असलेला खेळाडू टिकवायचा असेल तर मर्यादा ओलांडली तरी चालेल. बॉस्टनच्या लॅरी बर्डवरून या सवलतीला ‘बर्ड’चं नाव पडलं. हेतू चांगला होता. गावाचा लाडका खेळाडू केवळ हिशेबापायी गाव सोडून जाऊ नये.

या खिडकीतून काय काय गेलं ते 1997-98च्या शिकागो बुल्सच्या पगारपत्रकात बघा. त्या वर्षी कॅप होती सुमारे 2 कोटी 69 लाख डॉलर. मायकेल जॉर्डनचा एकट्याचा पगार 3 कोटी 31 लाख. म्हणजे अख्ख्या संघासाठी ठरवलेल्या रकमेपेक्षा जास्त एका माणसाला. आता त्याच संघातला दुसरा मोठा माणूस, स्कॉटी पिपेन. जगातल्या पहिल्या काही खेळाडूंत गणला जाणारा. त्याचा पगार सुमारे 28 लाख. तरुणपणी घरच्या जबाबदाऱ्या डोक्यावर असताना त्याने लांब मुदतीचा, खात्रीचा करार करून टाकला होता, आणि त्यानंतर लीगमधला पैसा फुगत गेला. सहा विजेतेपदं मिळवणाऱ्या बुल्समध्ये स्वस्तातला माणूस कोण, हे वेगळं सांगायला नको.

मालक मात्र जॉर्डनच्या आकड्याने धास्तावले. त्यात 1997मध्ये मिनेसोटाने 21 वर्षांच्या केव्हिन गार्नेटला सहा वर्षांसाठी 12 कोटी 60 लाख दिले. पुढच्या वर्षी मालकांनी टाळं ठोकलं. हंगाम 82ऐवजी 50 सामन्यांचा झाला आणि नव्या करारात पहिल्यांदा एका खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा आली. ही मर्यादा अजूनही आहे. खेळाडू लीगमध्ये किती वर्षं आहे त्यानुसार संघाच्या कॅपच्या 25, 30 किंवा 35 टक्के. कराराच्या पहिल्या वर्षी साधारणपणे त्यापुढे जाता येत नाही.

खेळाडूंच्या संघटनेने हे मान्य का केलं? सोपं आहे. लीगच्या उत्पन्नातला जवळपास निम्मा हिस्सा खेळाडूंचा असतो. मोठ्यांना वेसण घातली की तोच पैसा मधल्यांकडे वळतो. लीगमध्ये साडेचारशेच्या आसपास खेळाडू, त्यातले पंधरा मोठे. मतदान झालं तर कोण जिंकणार?

इथेच समतोलासाठी केलेला नियम उलटला. मुंबईकरांना हे समजावण्याची गरज नाही, त्यांनी पगडीची घरं पाहिली आहेत. कायद्याने भाडं बांधून दिलं म्हणून घराची खरी किंमत कमी होत नाही. ती पगडीच्या रूपाने दुसऱ्या हाताने वसूल होते. खेळाडूचंही तसंच. खुल्या बाजारात ज्याला वर्षाला सात कोटी मिळाले असते त्याला प्रत्येक संघ साडेतीन कोटीच देऊ शकतो. मग तो उरलेले साडेतीन कोटी कशात मागणार? हवामानात, शहरात, चांगल्या प्रशिक्षकात. आणि सगळ्यात आधी, चांगल्या सोबत्यांत. पैसे सगळीकडे सारखेच मिळणार असतील तर माणूस जिंकायची शक्यता जास्त असेल तिथे जातो. गरीब संघाकडे देण्यासारखी एकच गोष्ट होती, जास्तीचा पैसा, आणि नियमाने तीच काढून घेतली.

2010मध्ये लेब्रॉन जेम्स क्लीव्हलंड सोडून मायामीला गेला, तेव्हा ड्वेन वेड, ख्रिस बॉश आणि त्याने तिघांनीही कमाल मर्यादेपेक्षा थोडं कमी घेतलं, म्हणजे बाकीची माणसं घ्यायला पैसे उरतील. चार वर्षं, चार अंतिम मालिका, दोन विजेतेपदं. क्लीव्हलंडमध्ये लोकांनी रस्त्यावर त्याची जर्सी जाळली. मला हे कधी पटलेलं नाही. 2007मध्ये बॉस्टनच्या व्यवस्थापनाने गार्नेट आणि रे ॲलन यांना आणून पॉल पीअर्सच्या शेजारी उभं केलं. 24 सामने जिंकणारा संघ पुढच्या वर्षी 66 जिंकून विजेता झाला आणि सगळ्यांनी व्यवस्थापकाच्या हुशारीचं कौतुक केलं. मालकाने जमवली तर मुत्सद्देगिरी, खेळाडूंनी आपापसांत जमवली तर गद्दारी!

4 जुलै 2016

आता सगळ्यात गाजलेला प्रसंग. 2015-16च्या हंगामात वॉरियर्सने 73 सामने जिंकले, फक्त 9 हरले. हा विक्रम आजही आहे. बादफेरीत ओक्लाहोमा सिटीविरुद्ध 1-3 असे मागे पडूनही ते जिंकले. अंतिम मालिकेत मात्र क्लीव्हलंडविरुद्ध 3-1 अशी आघाडी घेऊन हरले. त्याच उन्हाळ्यात ओक्लाहोमाचा सर्वात मोठा खेळाडू केव्हिन ड्युरंट करारातून मोकळा झाला आणि त्याने 4 जुलैला जाहीर केलं: मी वॉरियर्सकडे जातोय. ज्यांच्याकडून हरला, त्यांच्याकडेच.

73 सामने जिंकणाऱ्या संघाकडे लीगमधल्या पहिल्या तिघांतला खेळाडू बसवायला पैसे आले कुठून? तीन गोष्टी एकाच वेळी जुळल्या.

2014मध्ये एनबीएने टीव्ही हक्क नऊ वर्षांसाठी 2,400 कोटी डॉलरना विकले होते. तो पैसा 2016 पासून येणार होता. कॅप उत्पन्नाला बांधलेली, त्यामुळे ती एका झटक्यात 7 कोटींवरून 9 कोटी 41 लाखांवर गेली. लीगने सुचवलं होतं की ही वाढ काही वर्षांत थोडी थोडी करू. खेळाडूंच्या संघटनेने नकार दिला. आज मिळतंय ते उद्यावर का ढकलायचं? भूमिका समजण्यासारखी आहे. पण परिणाम असा झाला की एरवी हात बांधलेल्या संघांकडेही एका उन्हाळ्यापुरती मोकळी जागा तयार झाली, आणि त्यांच्यात वॉरियर्सही होते.

दुसरी गोष्ट म्हणजे स्टेफ करीचा घोटा. 2011-12च्या सुमारास तो सारखा मुरगळायचा, शस्त्रक्रियाही झाली होती. हा पोरगा टिकेल की नाही, अशी शंका असल्याने 2012मध्ये त्याने चार वर्षांसाठी 4 कोटी 40 लाखांचा करार केला. घोटा बरा झाला. करी दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, दुसऱ्यांदा तर एकमताने. पगार तोच राहिला. ड्युरंट आला त्या हंगामात त्याला सुमारे 2 कोटी 65 लाख मिळत होते आणि करीला सुमारे 1 कोटी 21 लाख. सापडला का स्वस्तातला माणूस?

तिसरी गोष्ट ती पगडीची. ड्युरंटला पहिल्या वर्षी ओक्लाहोमा देऊ शकत होतं तेवढंच वॉरियर्स देऊ शकत होते. ओक्लाहोमाला 4-5 कोटींची बोली लावायची मुभा असती तर त्याने निदान दोनदा विचार केला असता.

तरी थोडी जागा कमी पडत होती. वॉरियर्सने अँड्र्यू बोगटला डॅलसकडे पाठवलं आणि हॅरिसन बार्न्सवरचा हक्क सोडला, तोही डॅलसकडे गेला. हा बार्न्स लक्षात ठेवा. पुढच्या बादफेरीत वॉरियर्स 16 सामने जिंकले आणि एक हरले. 2017 आणि 2018, दोन विजेतेपदं. 2019च्या अंतिम मालिकेत ड्युरंटच्या पायाचा अकिलीस स्नायुबंध तुटला, थॉम्पसनचा गुडघा गेला आणि टोरांटो जिंकलं. सुपरटीमला नियमांनी हरवलं नाही, शरीरांनी हरवलं.

आणि बार्न्स? तो फिरत फिरत सॅक्रामेंटोला पोहोचला होता. 2023च्या त्या मालिकेत चौथ्या सामन्यात वॉरियर्स 126-125 असे पुढे होते, शेवटचा फेक बार्न्सच्या हातात आला. चेंडू रिंगवर आपटून बाहेर गेला. तो पडला असता तर सॅक्रामेंटो 3-1ने पुढे गेलं असतं आणि सातव्या सामन्यापर्यंत कदाचित गोष्ट आलीच नसती.

स्वस्त कुणीच नसेल तर

उलट बाजूही बघायला हवी. ब्रुकलिनने ड्युरंट, कायरी अर्व्हिंग आणि जेम्स हार्डन असे तिघे जमवले. दुखापती, करोनाच्या लसीवरून झालेला घोळ आणि रुसवेफुगवे यांत तिघे मिळून बादफेरी धरूनही फक्त 16 सामने एकत्र खेळले. मग तिघांनी तीन वाटा धरल्या.

फिनिक्सचं उदाहरण माझ्या मते अधिक बोलकं. 2024-25मध्ये त्यांच्याकडे ड्युरंट, डेव्हिन बुकर आणि ब्रॅडली बील होते. तिघांचे पगार अनुक्रमे 5 कोटी 12 लाख, 4 कोटी 92 लाख आणि 5 कोटी 2 लाख. बेरीज 15 कोटींच्या वर, आणि त्या वर्षीची कॅप होती 14 कोटी 6 लाख. पगारपत्रक लीगमध्ये सर्वात महाग, निकाल 36 विजय आणि 46 पराभव, बादफेरी नाही. नावं सुपरटीमची होती. पण तिघांचाही पगार पुरेपूर, आणि बीलचा तर त्याच्या खेळापेक्षा जास्त. बाकीची बाकं भरायला चिल्लर उरली. ज्या घरात सगळे पाहुणे मानाचे, तिथे वाढायला कुणी नसतं.

एप्रन: नाव स्वयंपाकघरातलं, काम कुंपणाचं

जुन्या नियमांत कॅपच्याही वर आखलेली कराची रेषा ओलांडणाऱ्याला शेवटी दंड होता, त्याला लक्झरी टॅक्स म्हणतात. पण दंड भरायची तयारी असेल तर? 2021-22मध्ये वॉरियर्सने साडेसतरा कोटींच्या आसपास पगार दिला आणि वर जवळपास 17 कोटींचा कर भरला. एकूण 34 कोटींहून जास्त. तेवढं करून विजेतेपद घेतलं. दंड परवडणाऱ्याला तो दंड वाटत नाही, ते प्रवेशाचं तिकीट होतं.

2023च्या करारात लीगने पवित्रा बदलला. पैशाऐवजी हातच बांधायचे. कराच्या रेषेच्या वर आता दोन रेषा झाल्या, पहिला एप्रन आणि दुसरा एप्रन. 2025-26मध्ये कॅप 15 कोटी 46 लाख, कराची रेषा 18 कोटी 79 लाख, दुसरा एप्रन 20 कोटी 78 लाख. ही शेवटची रेषा ओलांडली की अदलाबदलीत दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही. दिला त्यापेक्षा जास्त पगाराचा माणूस घेता येत नाही. सवलतीतून मधल्या फळीचा खेळाडू घेता येत नाही. सात वर्षांनंतरची ड्राफ्टमधली पहिली निवड गोठवली जाते, आणि वारंवार रेषेवर राहिलात तर ती फेरीच्या शेवटी ढकलली जाते. मालक अब्जाधीश असला तरी यातलं काहीच विकत घेता येत नाही.

2016चा धडाही लक्षात ठेवला गेला. कॅप आता वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढू शकत नाही. 7,600 कोटी डॉलरचा, अकरा वर्षांचा नवा टीव्ही करार 2025-26 पासून लागू झाला आणि कॅप बरोबर 10 टक्के वाढली.

परिणाम दिसतो आहे. 2024चा विजेता बॉस्टनने पुढच्याच उन्हाळ्यात, दुसऱ्या एप्रनच्या भीतीने, जू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस यांना दुसरीकडे पाठवलं. जेसन टेटम जखमी होऊन वर्षभर बाहेर बसणार हे तर निमित्तच झालं. 2019 ते 2025 या सात वर्षांत सात वेगळे संघ जिंकले: टोरांटो, लेकर्स, मिलवॉकी, गोल्डन स्टेट, डेन्व्हर, बॉस्टन, ओक्लाहोमा सिटी. अर्थात यातले पहिले पाच नव्या नियमांच्या आधीचे आहेत, तेव्हा सगळं श्रेय एप्रनला देणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

लोकांना हा समतोल आवडतो का? बुल्सच्या 1998मधल्या शेवटच्या सामन्याला अमेरिकेत 3 कोटी 59 लाख प्रेक्षक होते. 2017ची एकतर्फी अंतिम मालिका सरासरी 2 कोटी लोकांनी पाहिली. 2025ची ओक्लाहोमा-इंडियाना मालिका शेवटच्या सातव्या सामन्यापर्यंत गेली, तरी सरासरी साधारण 1 कोटीच. मधल्या काळात टीव्ही बघणंच कमी झालं हे खरं. तरीही मला वाटतं, जोड बरोबरीची हवी असं म्हणणाऱ्या गर्दीला आतून एखादा हिंदकेसरीही हवा असतो, कुणीतरी त्याला पाडावा म्हणून.

ड्युरंट गेला त्या गावात

आता 2025चा विजेता ओक्लाहोमा सिटी. लीगमधल्या सर्वात लहान बाजारपेठांपैकी एक. 2016मध्ये ड्युरंट त्यांना सोडून गेला, बदल्यात काहीही मिळालं नाही. तो संघ 2024-25मध्ये 68 सामने जिंकून विजेता झाला. नेहमीचा प्रश्न विचारू: स्वस्तात कोण? लीगचा सर्वोत्तम खेळाडू शे गिल्जस-अलेक्झांडरचा पगार 3 कोटी 59 लाख. पण दुसरा खांब जेलन विल्यम्स, जो त्या वर्षी लीगच्या पहिल्या पंधरांत निवडला गेला, त्याला 48 लाख. तिसरा चेट होमग्रेन, सुमारे 1 कोटी 9 लाख. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा पहिल्या चार वर्षांचा पगार तक्त्याने ठरलेला असतो, खेळ कितीही बहरला तरी. फिनिक्सच्या एकट्या बीलला मिळायचं त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी पैशांत विल्यम्स आणि होमग्रेन दोघे.

हे दिवस संपत आले आहेत. तिघांनीही 2025च्या उन्हाळ्यात नवे करार केले. 2026-27 पासून विल्यम्स आणि होमग्रेन महाग होतील, त्याच्या पुढच्या वर्षी शेचा नवा आकडा सुरू होईल: चार वर्षांचे 28 कोटी 50 लाख. बॉस्टनला जो हिशेब मांडावा लागला तो ओक्लाहोमालाही मांडावा लागेल.

पण त्यांच्या कपाटात अजून काहीतरी आहे, आणि ते आलं कुठून तेही बघा. 2019च्या जुलैमध्ये कवाय लेनर्ड लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे यायला तयार झाला. पगार नियमाने ठरलेला. पण सोबत त्याला पॉल जॉर्ज हवा, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. जॉर्ज होता ओक्लाहोमाकडे. त्याच्यासाठी क्लिपर्सने 20 वर्षांचा शे गिल्जस-अलेक्झांडर दिला, डॅनिलो गॅलिनारी दिला, पहिल्या फेरीतल्या पाच निवडी दिल्या आणि वर दोन वर्षं निवडी अदलाबदल करण्याचा हक्क दिला. लेनर्डची पगडी म्हणायची ती हीच. त्या पाचांपैकी 2022ची निवड म्हणजे जेलन विल्यम्स.

क्लिपर्स आजवर एकदाही अंतिम मालिकेत पोहोचले नाहीत. पॉल जॉर्ज 2024मध्ये फिलाडेल्फियाला गेला, क्लिपर्सला बदल्यात काही मिळालं नाही. फोन हरवला, हप्ते मात्र चालूच राहिले. शेवटचा हप्ता 2026च्या ड्राफ्टचा.